सर्पगंधा : एका शामक मुळीचा इतिहास



आपल्या वार्षिक अंकासाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. राजवंशांचा आणि लढायांचा इतिहास लिहिणारे अधिकारी लेखक आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढे आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुले शिकविलेले एक निवृत्त शिक्षक. तेव्हा आम्ही विषय निवडला आहे तो एका लहानशा झुडपाचा. या झुडपाच्या मुळीने जगातील अनेक प्रक्षुब्ध मनांस विसावा दिला आणि हिच्याच अविचारी सेवनाने आमच्या घरातील एक वडीलधारा माणूस आम्ही गमावून बसलो असतो. तो प्रसंग पुढे ओघाने येईलच. प्रथम मुळीची ओळख करून घेऊ.

सर्पगंधा हे कमरेच्याही खाली राहणारे लहान झुडूप. मराठी वनस्पतिग्रंथांत हिला अडकई असेही नाव आढळते. कण्हेर, तगर व सदाफुली ज्या कुळातील, त्याच कुळातील ही वनस्पती होय. पाने तीन-तीन, चार-चार अशी एका पेरावर वर्तुळात येतात. फुले पांढरी, किंचित गुलाबी छटेची, त्यांचे देठ तांबडे. आणि फळे पिकली म्हणजे जांभळट काळी होतात. हिमालयाच्या पायथ्याची ओलसर वने, बिहार-बंगालचा प्रदेश, आसाम, तसेच आपला कोकण व सह्याद्रीचा पश्चिम उतार येथे ती सावलीत वाढते. औषधी गुण असतो तो मुळीत, आणि त्यातही मुळीच्या सालीत अधिक. मुळी चवीला अत्यंत कडू असते. ती पुरती भरण्यास दोन-तीन वर्षे लागतात, आणि ती काढावयाची म्हणजे झाड समूळ उपटावे लागते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण या वनस्पतीचे पुढील भवितव्य तिच्यावरच अवलंबून आहे.

सर्पगंधा हे नाव आपल्या प्राचीन वैद्यकसंहितांत सर्पविषाच्या चिकित्सेसंदर्भात येते. मुळी सापासारखी वळणावळणाची असते म्हणून हे नाव पडले असे काही म्हणतात, तर सापाच्या विषावर ती देत असत म्हणून पडले असे दुसरे म्हणतात. सापाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस ही वनस्पती खातो, ही कथा तर आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. सर्पदंशावर या मुळीचा उपयोग होत नाही. दंश झालेल्या माणसास तत्काळ रुग्णालयात नेऊन प्रतिविषाची लस टोचणे हाच उपाय होय. मुळी उगाळण्यात गेलेला वेळ रोग्याच्या जिवावर बेततो.

या मुळीचा खरा गुण ग्रंथांपेक्षा लोकव्यवहारात अधिक काळ जिवंत राहिला. बिहारकडील बाजारांत ती ‘पागल की दवा’ या नावानेच विकली जाई. वेडाच्या भरात आरडाओरड करणाऱ्या, अंगावर धावून जाणाऱ्या रोग्यास ती दिली असता तो शांत होतो व त्यास झोप लागते, हे तेथील वैद्यांना व सामान्य जनांनाही ठाऊक होते. रडणारे मूल झोपी जावे म्हणून आया मुळीचा अल्प अंश चाटवीत, अशीही नोंद मिळते. आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात ही प्रथा घातक होती असेच म्हणावे लागेल. तथापि मुळीच्या गुणाची पारख किती जुनी होती, हे तीवरून दिसते.

पाश्चात्त्यांच्या लेखणीत ही मुळी आली ती आपल्या गोमंतकातून. गार्सिया द ऑर्ता नावाचे पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आले. ते मूळचे ज्यू घराण्यातील. मुंबईचे बेटही त्यांस पोर्तुगीज सत्तेकडून खंडाने मिळाले होते. येथील वैद्य व हकीम यांच्याशी बोलून, बाजारात हिंडून, आपल्या बागेत रोपे लावून त्यांनी हिंदुस्थानातील औषधींवर संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात सर्पविषावरील काष्ठाचे जे वर्णन आहे, ते सर्पगंधेचे असावे असे जाणकार मानतात. या थोर पुरुषाच्या वाट्याला पुढे काय आले, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या मृत्यूनंतर १५८० साली गोव्याच्या धर्मन्यायसभेने त्यांच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळल्या. ग्रंथ मात्र लॅटिन भाषेत उतरून युरोपभर पसरला.

वनस्पतीचे शास्त्रीय नाव रौवोल्फिया सर्पेंटिना असे आहे. लिओनहार्ड रौवोल्फ हे सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य. ते वनस्पतींच्या शोधार्थ १५७३ साली निघून अलेप्पो, बगदादपर्यंत फिरले. हिंदुस्थानात ते कधी आलेच नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७०३ साली, प्ल्युमिए नामक फ्रेंच शास्त्रज्ञाने अमेरिकेकडील काही वनस्पतींच्या वंशास त्यांचे नाव दिले आणि कालांतराने आपली सर्पगंधाही त्याच वंशात गणली गेली. ज्या वैद्यांनी व वनवासी जनांनी तिचा गुण ओळखला, त्यांपैकी एकाचेही नाव इतिहासास ठाऊक नाही.

आधुनिक शास्त्राच्या कसोटीवर ही मुळी प्रथम आपल्याच देशात घासून पाहिली गेली, ही अभिमानाची गोष्ट होय. दिल्लीचे हकीम अजमल खान हे थोर युनानी वैद्य व राष्ट्रीय पुढारी. देशी औषधींचे रसायनशास्त्राच्या साहाय्याने संशोधन व्हावे ही त्यांची तळमळ होती. त्यांच्या प्रोत्साहनाने जर्मनीतून शिकून आलेले डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात या मुळीवर काम केले आणि १९३१ साली तिच्यातील अल्कलॉइडे, म्हणजे क्षारसदृश सत्त्वे, वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. हकीमसाहेब १९२७ सालीच निवर्तले होते. सिद्दिकींनी एका सत्त्वास ‘अजमलीन’ असे नाव देऊन त्यांचे ऋण फेडले. हृदयाच्या ठोक्यांतील विशिष्ट दोष हुडकण्यासाठी अजमलीन आजही वापरतात. स्वतः डॉ. सिद्दिकी १९५१ साली पाकिस्तानात गेले व तेथेही त्यांनी मोठे कार्य केले.

त्याच १९३१ साली कलकत्त्यास कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी एक लेख प्रसिद्ध केला. उन्माद व रक्तदाबाची वाढ या दोन्ही विकारांवर ही मुळी उपयुक्त आहे, असे त्यांनी आपल्या रोग्यांच्या अनुभवावरून सांगितले. सेन हे आयुर्वेद व पाश्चात्त्य वैद्यक या दोहोंतही पारंगत होते. पाठोपाठ १९३३ साली कलकत्त्याच्याच उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी प्राण्यांवर प्रयोग करून तिच्या शामक व रक्तदाब उतरविण्याच्या गुणास पुष्टी दिली.

तरीही जगाचे लक्ष इकडे वळण्यास आणखी सोळा वर्षे लागली, आणि ते कार्य घडले आपल्या मुंबईत. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांना ही मुळी पद्धतशीरपणे देऊन, प्रत्येकाच्या रक्तदाबाची नोंद ठेवून, निष्कर्ष १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर भरवशाचे औषध जवळजवळ नव्हतेच. लेख वाचून बोस्टनचे डॉ. विल्किन्स यांनी अमेरिकेत ही मुळी वापरून पाहिली व तिची प्रचीती घेतली. १९५७ साली डॉ. वकील यांस अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले आणि १९५८ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले.

इकडे स्वित्झर्लंडमधील बासल येथे सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर व बाइन या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळीतील मुख्य शामक सत्त्व वेगळे केले. त्याचे नाव रेझर्पीन. पुढे १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉकलँड येथील मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या काळच्या मनोरुग्णालयांची कल्पना आज करवणार नाही. रोग्यांना बांधून ठेवीत, विजेचे झटके देत, कित्येकांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करीत. अशा ठिकाणी रोगी शांत बसून बोलू लागले, काही तर घरी परत गेले. याच सुमारास क्लोरप्रोमाझीन हे दुसरे कृत्रिम औषधही प्रचारात आले होते. या दोन औषधांनी मनाच्या रोगावर औषध असू शकते, ही गोष्ट प्रथमच सर्वमान्य केली. वेड म्हणजे भूतबाधा वा पूर्वजन्मीचे पाप, ही समजूत जगातून जी मागे हटली, त्यात या कडू मुळीचा वाटा मोठा आहे.

आता ही मुळी शांत करते म्हणजे नेमके काय करते? आमच्या अल्पमतीप्रमाणे दृष्टांताने सांगतो. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी काही रासायनिक द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात आणि ती सुटली म्हणजे एका तंतूचा निरोप दुसऱ्यास पोचतो. रेझर्पीन या पिशव्यांत द्रव्य भरण्याचे दारच बंद करते. बाहेर राहिलेले द्रव्य नाश पावते आणि साठा हळूहळू रिता होतो. रांजणात पाणी पडणे थांबले की घरातील सर्वच व्यवहार मंदावतात, तसे हे आहे. रक्तवाहिन्यांचा ताण उतरतो, रागाची तिडीक उतरते. परंतु उत्साह, आनंद व हालचाल यांसाठी लागणारी द्रव्येही त्याच रांजणातून जातात. स्वीडनचे अर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रेझर्पीन दिलेले ससे निश्चल पडल्याचे पाहिले आणि डोपा नावाचे द्रव्य टोचताच ते पुन्हा हिंडू लागल्याचे दाखविले. या शोधातून कंपवातावरील आधुनिक उपचार निघाला व २००० साली कार्लसन यांस नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

यावरून सुज्ञ वाचकांच्या ध्यानात पुढील गोष्ट आलीच असेल. १९५० नंतरच्या दशकातच अशी वृत्ते येऊ लागली की, रक्तदाबासाठी रेझर्पीन घेणारे काही रोगी गाढ उदासीत बुडतात आणि काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. असे किती जणांच्या बाबतीत घडते, याविषयी संशोधकांत पुढे बराच वाद झाला. परंतु ज्यास उदासीचा विकार आहे वा पूर्वी होऊन गेला आहे, त्यास हे औषध देऊ नये, हा दंडक कायम झाला. हा इतिहास आम्ही पुस्तकात वाचला तो पुष्कळ नंतर. त्याआधी तो आमच्या आजोळी घडला.

ही हकीकत १९८४ सालची. आमचे थोरले मामा म्हणजे आवाजाचा धबधबा. भजनात पहिला अभंग त्यांचाच, आणि भांडणातही पहिला शब्द त्यांचाच. वयाच्या साठीला त्यांचा रक्तदाब वाढला. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या ते घेत होते. परंतु आठवडी बाजारात बसणाऱ्या एका जडीबुटीवाल्याने त्यांस एका मुळीचे चूर्णही दिले. रक्तदाब व राग यांवर रामबाण म्हणून तो ते विकत असे. मामांनी आमचा सल्ला विचारला. आम्ही तेव्हा सव्वीस वर्षांचे, नुकतेच नोकरीस लागलेले आणि देशी औषधींच्या अभिमानाने भारलेले शिक्षक. ‘घ्या मामा, झाडपाल्याने अपाय तो काय होणार?’ असे आम्हीच त्यांस म्हणालो. हे वाक्य आम्ही आजवर विसरलो नाही.

दोन महिन्यांत मामा शांत झाले. कोणावर ओरडणे नाही, ताट सारणे नाही. सर्व घर त्या चूर्णाची स्तुती करू लागले आणि मामांनीही मात्रा आपल्या मनाने वाढविली. त्यांचे नाक सदा चोंदलेले असे, ते आम्ही सर्दी समजलो. ते भजनास जाईनासे झाले, तेव्हा वयोमानाने विरक्ती आली असे वाटले. एके दिवशी ते आम्हांस म्हणाले, ‘मास्तर, आताशा रागही येत नाही आणि हसूही येत नाही रे.’ आम्ही त्यावर स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगून मोकळे झालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका पहाटे मामीला जाग आली, तो अंथरूण रिकामे. मामा विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून बसले होते. मामीने त्यांस हाक मारली नाही, आरडाओरडही केली नाही. मागून जाऊन घट्ट मिठी मारली आणि बाजूला ओढले. त्या माउलीच्या प्रसंगावधानाने घर वाचले.

डॉक्टरांकडे नेले असता त्यांनी नाडी पाहिली. ती फार मंद होती. ‘माझ्या गोळ्यांखेरीज आणखी काय घेता?’ या त्यांच्या प्रश्नावर प्रथम सर्वजण गप्प राहिलो. शेवटी मामीने पदराच्या गाठीतून पुडी काढून पुढे ठेवली. डॉक्टरांनी मुळीचा तुकडा पाहिला, चाखला आणि म्हणाले, ‘ही सर्पगंधा. मी देतो त्या गोळीतही हिचेच सत्त्व आहे. तुम्ही एकच औषध दोन दारांनी घरात आणीत होता.’ त्यांनी दोन्ही बंद केली, रक्तदाबासाठी निराळे औषध दिले, आणि मामांस काही आठवडे एकटे सोडू नका अशी ताकीद दिली. रांजण पुन्हा भरण्यास अडीच-तीन महिने लागले. पुढील वर्षीच्या सप्ताहात मामांचा आवाज देवळात पुन्हा ऐकू आला, आणि दुसऱ्याच दिवशी हिशेबावरून ते पुजाऱ्याशी कडाडून भांडले. मामी पदर डोळ्यांस लावून हसत होती. त्यानंतर मामा चौदा वर्षे जगले.

या प्रसंगाची वाच्यता आम्ही आजवर ज्ञातीत केली नाही. कारण सर्वांस ठाऊक आहे. घरात कोणाचे मन बिघडले असे कळले तर मुलामुलींची सोयरीक जमणे कठीण होते, ही भीती. त्या वेळी मामांची धाकटी कन्या उपवर होती. डॉक्टरांपुढे आम्ही गप्प राहिलो, तेही याच भीतीने. आज ती कन्या स्वतः आजी झाली आहे आणि तिच्याच अनुमतीने आम्ही हे लिहीत आहोत.

मुळीचा पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. १९५६ साली अमेरिकेचे रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेझर्पीन प्रयोगशाळेत तयार करून दाखविले; १९६५ साली त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु व्यवहारात मुळ्यांचीच मागणी राहिली आणि आपल्या वनांतून ही झुडपे उपटली जाऊ लागली. १९९० पासून सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर वन्य जीवांच्या व्यापारविषयक कराराने नियंत्रण आले. आज तिची शेतीत लागवड करण्यास सरकारी उत्तेजन मिळते. मात्र बी उगवण्याचे प्रमाण कमी असल्याने काम चिकाटीचे आहे. रक्तदाबावर व मनोविकारांवर नवी, अधिक सोईस्कर औषधे आल्यामुळे डॉक्टर रेझर्पीन आता क्वचितच देतात. आयुर्वेदिक चिकित्सेत सर्पगंधेचे स्थान टिकून आहे, आणि जाणत्या वैद्याच्या हाती तिचा उपयोगही होतो. बाजारातील पुडीत मात्र कोणत्या जातीची मुळी, किती जुनी आणि किती भेसळीची, हे घेणाऱ्यास कळण्याचा मार्ग नसतो.

आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. तथापि वयाच्या अधिकाराने दोन विनंत्या करतो. आपण घेत असलेले प्रत्येक चूर्ण, काढा व गुटी डॉक्टरांस सांगावी, आणि डॉक्टरांची प्रत्येक गोळी वैद्यांस दाखवावी. शस्त्रक्रियेपूर्वी तर अवश्य. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, ज्यांस पोटात व्रण आहे, ज्यांची नाडी मंद आहे वा ज्यांचे मन उदास आहे, अशांनी ही मुळी घेऊच नये. आणि जे घेत असतील त्यांनी ती एकदम न सोडता वैद्यांस वा डॉक्टरांस विचारून पुढील उपाय करावा. दुसरी विनंती अशी की, घरातील बोलके माणूस गप्प झाले, आवडीच्या गोष्टी टाकू लागले, तर त्यास विरक्ती समजून स्वस्थ बसू नये. त्याच्याजवळ बसावे, विचारावे, उपचार करावा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सुरू आहे. मराठीतूनही बोलता येते. सोयरीक पुढेमागे जमेल. गेलेले माणूस परत येत नाही.

हा इतिहास ज्ञातीच्या अंकात लिहिताना एक विचार मनात येतो. या मुळीचे ज्ञान अनामिक वनवासी, गोव्यातील ज्यू कुळीचा वैद्य, दिल्लीचे हकीम, बंगालचे कविराज आणि मुंबईचे पारशी डॉक्टर अशा अनेक हातांतून आपल्यापर्यंत आले. त्यांपैकी प्रत्येकाने पाहिले ते सांगितले, लपविले नाही. आपल्या घरातील दुखण्यांविषयीही आपण तितकेच मोकळे व्हावे, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.